दाराच्या अलीकडे

आवाज आला तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू असेल. जठारपेठेतल्या समुपदेशन केंद्राच्या व्हरांड्यात आम्ही बायका बाकावर बसलो होतो. आतल्या खोलीत माझी अलीझा होती, मीच तिला हाताला धरून आत सोडलं होतं, तरी मला वाटलं की हा आवाज खिडकीपलीकडच्या रस्त्यावरून येतोय. कारण अलीझा बोलत नव्हती. मागच्या पावसाळ्यापासून माझ्या आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. आणि हा आवाज तर चांगला ठसठशीत, थोडा बसका, कुणाशी भांडायला उभं राहावं तसा वऱ्हाडीत बोलत होता. "तुया पाय काहून असा हाय? कोनं मोडला?" मग पुन्हा, हळू, "दुखते का?" मी उठले. मांडीवरची पर्स खाली पडली, ती उचलायचंही सुचलं नाही. दाराच्या कडीपर्यंत हात गेला तेवढ्यात शेजारच्या काचेच्या केबिनमधून केंद्राच्या समुपदेशक हर्षा मॅडम धावत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "दार उघडू नका, परवीनताई." मी म्हटलं, "अहो, पण ती बोलतेय." त्या म्हणाल्या, "म्हणूनच." मी कडीवरचा हात काढला आणि तिथंच उभी राहिले.

आत अलीझाबरोबर एक कुत्री होती. गप्प झालेल्या मुलांजवळ जनावर सोडायची ही पद्धत हर्षा मॅडमनीच अकोल्यात आणलेली. त्या इथल्याच, पुण्याला शिकून परत आलेल्या. त्यांचं म्हणणं, असं मूल आधी माणसाशी बोलत नाही, जनावराशी बोलतं, आणि मग त्या वाटेनं सावकाश माणसापर्यंत येतं. जनावर पुरवायच्या शकुनबाई. बाळापूर रोडला त्यांचा शेवंतीचा मळा आहे, आणि मळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये रस्त्यावरची, टाकून दिलेली कुत्री त्यांनी सांभाळली आहेत. दर शनिवारी फुलांच्या टोपल्या बाजारात उतरवून त्याच ऑटोत त्या मोतीला घेऊन यायच्या. मोती म्हणजे कुण्या साहेबानं बदली झाल्यावर सोडून दिलेला लॅब्राडोर, आणि स्वभावानं निव्वळ लोचट. दिसेल त्याच्या अंगावर पडायचा, तोंड चाटायचा, पोरं खिदळायची. अलीझा मात्र भिंतीला पाठ लावून डोळे मिटून घ्यायची. त्या शनिवारी मोतीला ताप होता, म्हणून शकुनबाईंनी भुरीला आणलं, एवढंच. भुरी पहिल्यांदा पाहणाऱ्याला उपाशीच वाटते. लांब काठीसारखे पाय, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि तोंड निमुळतं. अंगाला वाळक्या गवताचा रंग. हायवेवर धनगरांच्या तांड्यामागून चालताना ट्रकखाली तिचा मागचा पाय आला, तो हाड वाकडं जुळून तसाच राहिला. लाडात येणं तिला ठाऊक नाही. आत सोडल्यावर तिनं खोली एकदा पाहून घेतली आणि अलीझाकडे पाठ करून बसली. माझी पोर बोलली ती त्या पाठीशी.

आनंद झाला, नाही कशाला म्हणू. बाकावरच्या बायांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, एकीनं तर डोळ्यांना पदर लावला. पण तो आनंद दाराशी उभ्या उभ्याच आंबला. आत माझी पोर विचारत होती, तुया पाय दुखते का, आणि मी मनात म्हणत होते, माझं नाही का काही दुखत? मला विचारलंस का कधी? मला हेवा वाटला. एका लंगड्या कुत्रीचा. अलीझाचं बोलणं काही एका दिवसात गेलं नव्हतं. आधी ती शाळेत बोलेनाशी झाली, वर्गशिक्षिका म्हणाल्या, लाजाळू आहे. मग पाहुण्यांशी, मग गल्लीतल्या पोरींशी. मग परवेजशी, म्हणजे तिच्या अब्बूशी. तो अमरावतीला एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायच्या कामाला, रविवारी घरी येतो. कापूस पिकेना, जिनिंग वर्षातले निम्मे महिने बंद राहू लागलं, तोही घरात कमीच बोलायचा, त्यामुळे त्याला पोरीचं कळलंच उशिरा. मग ती दादाजानशी बोलायची थांबली, माझ्या सासऱ्यांशी, ज्यांच्या मांडीवर ती वाढली. शेवटी उरले मी. माझ्या कानाशी तोंड आणून ती कुजबुजायची आणि मी बाकीच्यांना सांगायची, अलूला पाणी हवंय, अलूला ऊन लागतंय. सगळं घर काळजीत होतं आणि मी वरवर काळजी करत आतून ऐटीत होते, कारण शेवटी आई ती आई. मग एका सकाळी वेणी घालताना मी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. मला वाटलं, झोप गेली नसेल. तिचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य कोणतं, ते कितीही आठवलं तरी मला आठवत नाही. ते शेवटचं आहे हे सांगायला कुणी आलं नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. कानाच्या डॉक्टरांनी कान पाहिले, घशाच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, सगळं ठीक. मावशीनं ताईत आणला. शेजारच्या सत्यवतीकाकूंनी पोपटानं चोच मारलेला पेरू आणून दिला, पोपटाचं उष्टं खाल्लं की लेकरू बोलतं म्हणून. पेरू अलीझानं खाल्ला आणि बिया मोजत बसली. अखेर कुणीतरी या केंद्राचं नाव सांगितलं. हे केंद्र खरं तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत खेड्यापाड्यांतल्या घरांसाठी उघडलेलं. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरातल्या पोराबाळांसाठी. तेव्हा आमच्या भागात बाहेरगावचे लोक मोटारी घेऊन यायचे, फोटो काढायचे, आणि बाया रांगेनं उभ्या राहायच्या. बाकावर माझ्या शेजारी मनकर्णा बसायची, बाळापूरच्या पलीकडल्या खेड्यातली. बाप गेल्यापासून तिची पोर तोंडात शब्द घेत नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुमच्या घरचं कोन गेलं, बाई?" मी म्हटलं, "कुणी नाही. सगळे आहेत." तिनं माझ्याकडे नीट वळून पाहिलं. "मंग पोरगी काहून चूप झाली?" तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. ते काहून माझ्या मागे लागलं ते लागलंच. सुखवस्तू माणसानं धर्मादायाच्या पंगतीत ताट मांडून बसावं, तसं मला त्या बाकावर वाटू लागलं. मनकर्णाच्या दुःखाला नावगाव होतं. माझ्या घरात कुणी मेलं नव्हतं, कुणी कुणाला मारलं नव्हतं, परवेज दारू पीत नाही, सासरे देवमाणूस. मग काहून? भाजी निवडताना, शाळेतल्या पोरांचे पेपर तपासताना मी मागचं सगळं वर्ष उलटं-सुलटं करून पाहायची. कधी ओरडले का? कधी तिचं ऐकलं नाही का? सगळ्याच आया ओरडतात, सगळ्याच कधीतरी ऐकत नाहीत. कारण सापडत नव्हतं, आणि सापडत नव्हतं म्हणून माझी खात्रीच होत चालली की कारण मीच असणार.

भुरी आली त्यानंतरच्या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्याही, मी दाराशी उभी राहू लागले. मोती बरा झाला तरी भुरीच यायची. हर्षा मॅडमनी मला ताकीद दिली होती. तुम्ही ऐकता हे तिला कळू देऊ नका, घरी विषय काढू नका, विचारू तर काहीच नका. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला माझ्या पोरीच्या मैत्रिणींची नावं दाराच्या फटीतून कळत होती. तिला शाळेतल्या मोरीची भीती वाटते, हे मला कळलं. तिला कारल्याची भाजी आवडते आणि मला वाटायचं आवडत नाही, हेही. आणि हे सगळं ती वऱ्हाडीत सांगायची. एकदा तिनंच भुरीला समजावलं, "तुले उर्दू नाही येत ना? शकुनमावशी तुयासंगं अशीच बोलते. म्हनून मी बी अशीच बोलतो." मला हसू आलं आणि मग माझी शाळा आठवली. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. पोरांच्या तोंडी बाजारातलं, मळ्यातलं मराठी असतं. 'मले' म्हटलं की मी टेबलावर पट्टी आपटते, 'मला' म्हणा. 'काहून' नाही, 'का'. हातातली पट्टी मी घरीही आणत असेन, दिसत नसली तरी. माझ्यासमोर प्रत्येक वाक्य आधी तपासून बाहेर काढावं लागत असेल, आणि भुरीला मात्र कसंही चालत होतं, कारण ती ऐकून न ऐकल्यासारखी पाठ करून बसायची. घरी आल्यावर मी बोलायची नाही, विचारायची नाही, पण माझ्या डोळ्यांना काय करू? जेवताना मी तिच्या ओठांकडे पाहत राहायची. ती ताट उचलून मागच्या खोलीत जायची. मी आपल्याच घरात चोरासारखी वावरत होते.

पुढे एका शनिवारी शकुनबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या हातांना कायम शेवंतीचा वास. "परवीनबाई, एक बोलू का? भुरीले तुमी घेऊन जा." मी दचकले. त्यांनी सांगितलं ते असं. भुरी साधी कुत्री नाही, कारवानी आहे. ही जात आता फार थोडी उरली. अमरावतीचा चंद्रभान नावाचा कुणी माणूस अशा कुत्र्यांची पैदास करतो, त्याला खबर लागली होती आणि तो तिला न्यायला येणार होता. "माह्या शेडमंदी एवढी कुत्री हायेत, त्याइले कोनी पुसत नाही. जातिवंत दिसली का लोकं दारात उभे. मी नाही कशी म्हनू? त्याचं शेत हाय, तारेचं कुंपन हाय, खायाले घालीन. पन तुमच्या पोरीचं पाहून माहा जीव होत नाही. तुमी नेता म्हनत असान तं मी त्याले नाही सांगतो." हर्षा मॅडमही म्हणाल्या, विचार करा. आत्ता हे तुटलं तर अलीझा पुन्हा कधी आणि कुणाशी बोलेल, ते मी सांगू शकत नाही. पुढच्याच शनिवारी चंद्रभान जनावर पाहायला केंद्रात आलाही. पांढरे स्वच्छ कपडे, बोलायला गोड. त्यानं भुरीचे दात पाहिले, कान उलटून पाहिले, पोटाखाली हात घालून चाचपलं. शकुनबाई म्हणाल्या, तिच्या पायाचं तुमाले चालते का? तो हसला. "पायाचं काय करायचं? पोट तं शाबूत हाय ना." मी बाकावर होते. मनकर्णानं मान फिरवली. भुरी मात्र हलली नाही, तिनं नुसतं दुसरीकडे पाहिलं, आणि मला उगाच आठवलं की परवेजसाठी मला पाहायला आले तेव्हा मीही अशीच खिडकीकडे पाहत बसले होते.

एवढं ऐकूनही मी नाही म्हटलं. सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं, "आमच्यात चालत नाही हो. घरात नमाज होते. सासरे जुन्या वळणाचे." हे वाक्य मोठं सोयीचं आहे. आमच्यात चालत नाही म्हटलं की समोरचा माणूस वाद घालत नाही, उलट आपणच काही आगाऊपणा केला असं त्याला वाटतं. हर्षा मॅडम चटकन म्हणाल्या, "सॉरी ताई, माझ्या लक्षात यायला हवं होतं." शकुनबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मला घरी कुणाला विचारायचीही गरज पडली नाही, मी विचारलंही नाही. सासऱ्यांच्या तोंडी माझा नकार घालून मी मोकळी झाले. कुत्र्याची लाळ आमच्यात नापाक मानतात, पण त्या लाळेची मला भीती नव्हती. भीती ही होती की ती घरात आली तर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे माझी पोर दिवसभर तिच्याशी बोलेल आणि मी रोज ऐकेन. शनिवारचं मी सोसत होते. रोजचं कसं सोसणार? आणि हेही खरं की भुरी गेली तर पोर पुन्हा मुकी होईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधे मास्तरीण बनून शहाणपणा मिरवत उभी. मनाची समजूत मी अशी घातली की जनावराची सवय सुटली तर ती माणसाकडे वळेल, म्हणजे माझ्याकडे. हर्षा मॅडमचं शिक्षण मी माझ्या सोयीनं उलटं फिरवून घेतलं होतं.

चंद्रभान भुरीला न्यायला येणार होता त्या शनिवारी शाळेत माझी परीक्षेची ड्यूटी लागली. लागली म्हणते, पण बदलून मिळाली असती. मला ते पाहायचं नव्हतं. सासरे म्हणाले, "मैं ले जाता बच्ची को." अब्दुल रहीम त्यांचं नाव. जन्म बाळापूरचा, तिथल्या मन नदीच्या काठी भाजीपाल्याची शेती केलेली, गुडघे गेल्यावर आमच्याकडे जुन्या शहरात आले. कमी बोलणारा माणूस. पेपर गोळा होताच मी ऑटोनं जठारपेठेत पोचले. केंद्राच्या फाटकाशी जीप उभी होती, तिचं मागचं फळकं उघडं. मला वाटलं, जमलं असेल एव्हाना सगळं, आणि छातीवरचं ओझं उतरावं तसं झालं. आत गेले तर अंगणात कडुलिंबाखाली सासरे उकिडवे बसलेले. गुडघे दुखतात म्हणून घरात खुर्चीवर नमाज पढणारा माणूस, आणि इथं मातीत उकिडवा. त्यांच्यापासून हातभर अंतरावर भुरी, आणि तिच्यापलीकडे अलीझा. तिघेही एकाच दिशेला, रस्त्याकडे पाहत. चंद्रभान बाजूला उभा राहून बोलावत होता, "ये, ये, चल," जिभेनं आवाज काढत होता. भुरी कान हलवत नव्हती. सासरे त्याला म्हणाले, "भाऊ, कारवानी बलावल्यानं येत नसते. तिच्या मनात आलं तं येते. माह्या बापाजवळ होती एक. टरबुजाच्या वाडीत राखनीले. रात-रात कोल्ह्याच्या मांगं धावे आन सकायी माह्या बापाच्या पायापाशी येऊन बसे. तिले आमी कदी हाक मारली नाही." मग मान वर करून त्यांनी मला पाहिलं.

"बहू, ये बाई बोल रही, अपने में नई चलता. किसने बोला?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती. मी पायांकडे पाहिलं. ते म्हणाले, शिकारीचं, राखणीचं कुत्रं ठेवायला कुठं मनाई आहे? अंगणात राहील, बैठकीत येणार नाही, तिची ताटली वेगळी, तोंड लावलं ते भांडं मातीनं घासून धुवायचं. आमच्या अम्मीनं जन्मभर केलं. मग शकुनबाईंकडे वळून वऱ्हाडीत म्हणाले, "मले कोनी पुसलंच नाही, बाई." शकुनबाई माझ्याकडे पाहत होत्या. हर्षा मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. बाकावरून मनकर्णा पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनंच, बिनखोच काहून. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते, काही सुचवलं असतं, जागा नाही म्हटलं असतं. पण माझ्या हातात काही उरलंच नव्हतं. आणि अलीझा? ती एकटीच माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं भुरीच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि डोळे जीपच्या उघड्या फळक्यावर. ते पाहिलं आणि मला माझीच किळस आली. मी म्हटलं, "आपण नेऊ तिला." मोठ्या मनानं नव्हे. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. चंद्रभान जीपचं फळकं धाडकन लावून निघून गेला. ऑटोत सासऱ्यांच्या पायांपाशी भुरी बसली, अलीझा मधे, मी कडेला अर्धी बाहेर लटकलेली.

भुरीला घरी येऊन हिवाळा सरला, आता उन्हाळा लागत आला. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराला लागून पत्र्याची खोली आहे, पूर्वी तिथं गोवऱ्या असायच्या. ती तिची. सासऱ्यांनी फरशीवर खडूनं रेघ मारली, इथवर तू, आणि गंमत म्हणजे भुरी ती रेघ ओलांडत नाही. माणसं ओलांडतात. अलीझा ताटली मातीनं घासते, दादाजान शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि बोटानं दाखवतात, अजून इथं राहिलं. दोघांत एक शब्द नसतो आणि दोघांचं काही अडत नाही. गल्लीत थोडी कुजबुज झाली, सासऱ्यांनी मशिदीतून येताना काय उत्तर दिलं कोण जाणे, ती थांबली. परवेज रविवारी येतो, भुरीला दुरून पाहतो, म्हणतो, हिला काही खायला देता की नाही. शाळेतून आल्यावर अलीझा दप्तर टाकते आणि त्या खोलीत जाऊन दार लोटून घेते. आणि मग बोलते. संध्याकाळभर बोलते. मला वाटलं होतं तसंच झालं, हर्षा मॅडमचं म्हणणं खरं ठरलं नाही. ती माणसापर्यंत आलेली नाही. मी चुकून भांडं वाजवलं तरी आवाज थांबतो, म्हणून मी भांडी वाजवत नाही. चपला काढून ठेवते. कणकेचे हात तसेच घेऊन त्या दाराला कान लावून उभी राहते आणि तव्यावरची पोळी करपते. सासरे समोरच्या खोलीतून सगळं पाहतात, म्हणत काही नाहीत, करपलेली पोळी मुकाट खातात. केंद्रातला बाक निदान आठवड्यातून एकदा होता. आता माझं घरच त्या व्हरांड्यासारखं झालं आहे. आत जाता येत नाही, गेले तर बोलणं थांबेल. निघून जाता येत नाही, गेले तर ऐकू येणार नाही. हर्षा मॅडमना सांगितलं तर त्या म्हणतात, थांबा. थांबलेच आहे की. दुसरं काय करतेय?

काल पोळ्या व्हायच्या होत्या. पलीकडे ती बराच वेळ मनकर्णाच्या पोरीबद्दल बोलत होती. ती आता बोलते म्हणे, आईशी सुद्धा. मग म्हणाली, "भुरे, तिचा बाप मेला म्हनून ते चूप झाली होती. माहं तं काईच झालं नाही. सगळे मले पुसत, काय झालं, काय झालं. अम्मी तं डोयानंच पुसे. काईच झालं नाही, हे कसं सांगावं? सांगाले गेलं का गयाच बंद होये." मी दाराची चौकट धरली. काहीच झालं नाही. एवढंच होतं. किती दिवस मी ज्या उत्तरासाठी वर्ष उसवत बसले होते, ते हे होतं, आणि माझी पोर ते उराशी घेऊन मुकी झाली होती, कारण मी त्यापेक्षा मोठं काहीतरी मागत होते. मला वाटलं, दार ढकलावं, तिला उचलावं, सांगावं की काही झालेलं नसलं तरी चालतं ग माझ्या राणी, काहीही न होता गप्प बसलीस तरी चालतं. हात दारावर गेला. कणकेचा ठसा उमटला असेल त्यावर.

आत भुरी उठल्याचा आवाज आला. वाकड्या पायाची तिची चाल मला आता ओळखता येते. ती दारापर्यंत आली, फटीशी नाक आणून तिनं श्वास घेतला, आणि माझ्या बाजूला, म्हणजे दाराच्या पलीकडून पण माझ्या पायांशीच, ती अंग टेकून बसली. लाकूड किंचित माझ्याकडे दबलं. मी श्वास रोखला. मग अलीझाचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, बसका, कुत्रीला दटावावं तसा. "भुरे, इकडे ये. तिथं नको बसू. मले मालूम हाय अम्मी तिथं उभी राहते. पयल्या दिसापासून मालूम हाय, जठारपेठेत बी उभी राहे. पन तू तिले सांगू नको मले मालूम हाय म्हनून. सांगितलं तं अम्मी येनं बंद करन." मग पुन्हा सुरू, शाळेत आज काय झालं ते. या वेळी थोडं मोठ्यानं, नीट ऐकू यावं इतकं.

मी हात खाली घेतला. स्वयंपाकघर तव्याच्या धुरानं भरून आलं होतं, आतून सासरे खोकत होते. मी तिथंच उभी राहिले.